गळती बंद करू नये

सुकदेव पाटलाचं धरणावर प्रेम नव्हतं. त्याचं प्रेम होतं धरणाच्या गळतीवर.

धरण कमलअक्काचं. भडगाव तालुक्याच्या ज्या कडेला गिरणा नदीचं पाणी कधी पोचत नाही, तिथे अक्काच्या नवऱ्यानं, लोटननानानं, आपल्याच शेतातून जाणारा नाला मातीचा भराव घालून अडवला होता. त्यात सरकारचा फावडंभरसुद्धा वाटा नव्हता. ना नकाशा, ना नारळ, ना पाटी. नानानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं माती ओढली, स्वतःच्या बैलांकडून तुडवून घेतली, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठलं. पुढे नाना गेला, धरण राहिलं. सरकारी असतं तर वर्षाकाठी एखादा साहेब जीपमधून उतरून, गॉगल लावून त्याच्याकडे बघून तरी गेला असता. खाजगी असल्यामुळे बघायचं काम म्हशींकडे होतं, आणि त्या ते दिवसभर पाण्यात बसून मन लावून करत.

भरावाच्या बरोबर खाली सुकदेवचं शेत, आणि शेतातच घर. भरावाच्या पायथ्याशी, दोन मोठ्या दगडांच्या मधून, करंगळीएवढी पाण्याची धार बारा महिने वाहायची. आजूबाजूची शेतं मार्चमध्ये भाजून निघायची तेव्हा सुकदेवच्या बांधावर अळूची पानं सुपाएवढी व्हायची. आणि वांगी! भरताची, हिरवट पांढरी, एकेक वांगं दोन हातांनी उचलावं असं. हिवाळ्यात लांबलांबचे पाहुणे भरीत खायला यायचे आणि बोटं चाटत विचारायचे, "दाजी, बियाणं कुठलं?"

"बियानं नही," सुकदेव मिशीवरून हात फिरवून सांगायचा, "पानी. आमनं गळतीनं पानी."

जणू ती गळती त्याच्या आजोबांनी काशीहून आणली होती.

संध्याकाळी तो त्या ओल्या जागेजवळ बाज टाकायचा आणि धारेचा आवाज ऐकत पडायचा. त्याची बायको रत्ना म्हणायची, लग्नात मला एवढं निरखून पाहिलं नाही माणसानं, जेवढं ह्या डबक्याला पाहतो.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस असा लागला की धरण कधी नव्हे ते तुडुंब भरलं. गावात सगळे खूश, त्यात सुकदेव जास्तच. त्यानं आदल्या उन्हाळ्यात एक युक्ती केली होती. भरावाच्या एका टोकाला नानानं सांडवा ठेवला होता, म्हणजे धरण भरलं की जादा पाणी बाजूनं निघून जायची वाट. सुकदेवला ती वाट म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटायची. त्यानं वाळूनं भरलेल्या गोण्या रचून ती बुजवून टाकली होती. कमलअक्का गुडघ्यांमुळे तिकडे फारशी चढत नसे, आणि बाकी कुणी विचारलं नाही. आता पाणी गोण्यांना टेकून उभं होतं आणि खालची धार करंगळीची मनगटाएवढी झाली होती.

"दखा, दखा!" सुकदेव येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून आणायचा. "देव देस तं असा देस!"

रत्नाला मात्र एक गोष्ट खटकली. ती त्या पाण्यावर कपडे धुवायची. एक दिवस तिनं सुकदेवचा पांढरा सदरा दोरीवरून काढला आणि त्याच्यासमोर धरला. सदऱ्याचा रंग दूध कमी पडलेल्या चहासारखा झाला होता.

"मेघाना बाप," ती म्हणाली. मेघा ही त्यांची सासरी नांदणारी लेक. "पानी गढूळ ई ऱ्हायनं. आधी कसं काचसारखं व्हतं."

"गाळ शे तो!" सुकदेव म्हणाला. "फुकटनं खत! लोकं गाडीवर गाडी भरीसन गाळ आणतस. आपला घरपोच येस."

रत्नानं सदरा त्याच्या अंगावर टाकला. "मंग आते हाऊच घाला. झाडासारखं उगशात."

ती तेवढ्यावर थांबली नाही. बाजारातून येताना कमलअक्काच्या ओट्यावर टेकली आणि सदऱ्याची हकीकत सांगून आली. अक्काला धरणातलं फारसं कळत नव्हतं, पण नाना एक वाक्य नेहमी बोलायचा ते तिच्या लक्षात होतं: धार स्वच्छ तोवर झोप स्वच्छ. तिनं त्याच दिवशी धुळ्याला लेकीला फोन लावला. लेक सारिका तिथे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची, आणि तिच्याच कॉलेजात सिव्हिल शिकवणारी तिची मैत्रीण होती अफरीन.

रविवारी दोघी एसटीनं आल्या. सारिका आईजवळ बसली. अफरीन मात्र चहाचा कप अर्धा ठेवून ओढणी कमरेला खोचून भरावावर चढली, आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. सुकदेव बाजेवरून तिच्याकडे बघत होता. ती वाकून बिळं बघत होती, काठी घालून त्यांची खोली मोजत होती, झाडांच्या बुंध्यांपाशी बसत होती. गोण्यांपाशी ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी खाली उतरून थेट गळतीजवळ आली आणि म्हणाली, "काका, एक काचेचा ग्लास मिळेल का?"

सुकदेवला वाटलं, पोरीला तहान लागली. तो आनंदानं ग्लास घेऊन आला. अफरीननं धारेचं पाणी भरलं आणि ग्लास दगडावर ठेवला.

"प्या की, पोरी. गोड शे."

"पिणार नाही, बघणार आहे."

थोड्या वेळात ग्लासाच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी माती बसली.

"ही माती कुठून आली असेल, काका?"

"कुठून म्हंजे? जमिनीतून."

"भरावातून," अफरीन म्हणाली. "धरण थोडं पाझरतंच, त्यात घाबरायचं काही नाही. स्वच्छ पाणी आलं तर येऊ द्यावं. पण गढूळ आलं की समजायचं, पाणी येताना वाट कोरत येतंय. आतून पोकळ होतंय. वर घुशींची बिळं आहेत, झाडांची मुळं आरपार गेलीत, सांडवा कुणीतरी बुजवलाय, त्यामुळे पाणी जायला नको तेवढं वर चढलंय. ह्या गळतीचा लगेच बंदोबस्त करायला हवा."

एवढ्या सगळ्या बोलण्यातून सुकदेवच्या कानात दोनच शब्द शिरले: गळती आणि बंदोबस्त. त्याचा चेहरा उतरला. तिनं 'कुणीतरी' म्हटल्यावर तो अळूच्या पानांकडे बघू लागला होता, ते वेगळंच.

"अक्का," तो लगेच कमलअक्काच्या दारात जाऊन उभा राहिला, "हाई बरोबर नही. लोटननाना देवमाणूस व्हता. तो कधी बोलना नही, आणि तुम्ही आमनं पानी तोडतस?"

"सुकदेवभाऊ," अक्का म्हणाली, "तुमनं घर धरणना खाले शे, मनं नही. मी तुमनासाठेच करी ऱ्हायनी."

"मंग मनासाठे करू नका!"

दुसऱ्या दिवशी सुकदेव धुतलेल्यातला त्यातल्या त्यात पांढरा सदरा घालून भडगावला सरकारी कचेरीत गेला. वाटेत एका ओळखीच्या मास्तरकडून अर्ज लिहून घेतला. खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"पाटील, यात काहीतरी चुकलंय. तुमची तक्रार काय? धरण गळतंय?"

"नाही साहेब. धरण गळतंय, ते चांगलंच आहे. ते बंद करणार आहेत, ही तक्रार आहे."

"म्हणजे धरण गळत राहावं, असा आदेश पाहिजे तुम्हाला?"

"बरोबर. गळती बंद करू नये."

कारकुनानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. बाईंनी शिपायाला बोलावलं. एवढ्यात आतल्या खोलीतले आणखी दोघं आले. अर्ज हातोहात फिरला. लोक गळतीच्या नावानं रडत येतात, इथे एक जण तिला वाचवायला आला होता. सुकदेवला वाटलं, आपल्या अर्जाचं वजन पडतंय. तो छाती काढून उभा राहिला.

"बरं," कारकून डोळे पुसत म्हणाला, "धरणाखाली कुणाची वस्ती वगैरे?"

"आमचीच की. भरावाला लागून. बाजेवर पडलं की धारेचा आवाज येतो."

कारकुनाचं हसू तिथेच थांबलं. त्यानं अर्ज परत सुकदेवच्या हातात दिला. "पाटील, खाजगी धरण आहे, मालकीणबाई स्वतः दुरुस्त करतेय, आम्ही तिला अडवू शकत नाही. आणि माझं ऐकाल तर घरी जा आणि बाज दुसरीकडे टाका."

सुकदेव घरी आला, पण बाज दुसरीकडे नेण्याऐवजी त्यानं उलटंच केलं. नईमचं जेसीबी आणि मागून वाळू-खडीचा ट्रॅक्टर कच्च्या रस्त्यानं येताना दिसला तसा तो बाज उचलून धावला, ती बरोबर धारेच्या तोंडावर ठेवली, आणि तिच्यावर पांघरूण घेऊन आडवा झाला. भर दुपारी.

नईम भडगावचा. पंचक्रोशीतली निम्मी शेततळी त्याच्या मशीननं खोदलेली. त्यानं जेसीबी थांबवलं आणि वरून डोकावून पाहिलं.

"काय सुकदेवभाऊ, तब्येत?"

"तब्येत चांगली शे. मी उपोषणाले बसेल शे."

"झोपलेत तुम्ही."

"झोपीसन बसेल शे!"

नईमनं मशीन बंद केलं. "मग मी पण जरा टेकतो. तुमचं झालं की हाक मारा." तो खाली उतरून बांधावर बसला. रत्नानं त्याला चहा आणून दिला. उपोषणवाल्याला विचारलंसुद्धा नाही. कमलअक्का काठी टेकत आली, कॉलेजला सुट्टी टाकून थांबलेल्या अफरीन आणि सारिका आल्या, गावातली माणसं जमली. कुणी म्हणालं, फोटो काढा. कुणी म्हणालं, पेपरात द्या. अफरीन बाजेजवळ उकिडवी बसली.

"काका, मी गळती बंद करायला आलेच नाहीये."

पांघरुणातून एक डोळा बाहेर आला.

"तोंड दाबलं तर पाणी दुसरीकडून फोडून बाहेर येईल. आपण काय करणार, तिथे आधी वाळू घालायची, मग बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. पाणी त्यातून येत राहील, माती मात्र आतच अडेल. चहा गाळतो तसं."

"म्हंजे धार ऱ्हाई?"

"राहील. थोडी बारीक होईल, पण स्वच्छ येईल."

सुकदेव विचारात पडला. त्याला हे आवडलं होतं, पण एवढी माणसं जमलेली असताना लगेच उठणं बरं दिसलं नसतं. मागणी मान्य झाल्यावरसुद्धा पुढारी थोडं ताणतात, हे त्यानं पाहिलेलं होतं. "मी सांज पावत इचार करस," असं म्हणून तो कूस बदलायला वळला.

आणि बाजेचा उजवीकडचा पाय जमिनीत गेला.

आधी वीतभर. लोक हसले. मग हातभर. बाज तिरपी झाली, सुकदेव पांघरुणासकट घरंगळला, आणि सावरायला म्हणून त्यानं पाय टेकला तिथे जमीन नव्हतीच. मांडीपर्यंत पाय चिखलात गेला. बाजूनं खदखदून पाणी वर आलं, भाताच्या आधणासारखं, आणि प्रत्येक बुडबुड्यासोबत तांबडी माती उसळत होती.

"मना पाय!" सुकदेव ओरडला. त्याला तळव्याखाली काहीतरी सरकताना जाणवत होतं, थंड, मोकळं, कुणीतरी खालून जमीन काढून घेत असल्यासारखं. इतकी वर्षं ज्या धारेचा आवाज ऐकत तो झोपी गेला, ती आतमध्ये हे करत होती. "रत्ना! वढ मले! वढा रे!"

नईमनं चहाचा कप फेकला आणि त्याच्या काखेत हात घातले. रत्नानं सदरा धरला. दोघांनी हिसका दिला तसा सुकदेव बाहेर आला, त्याची चप्पल आतच राहिली. बाजही अर्धी आत गेली होती. मग भरावाचा एक तुकडा, ताटाएवढा, वरून सुटून डबक्यात पडला.

"सगळे बाजूला व्हा," अफरीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण वर्गात पोरं ऐकत असतील तसे सगळे मागे सरले. "नईमभाई, वाळू आणा, इथेच ओता, थांबू नका. आणि कुणीतरी सांडवा मोकळा करा. सगळा एकदम नाही, वरून एकेक गोणी. धरणातलं पाणी उतरलं पाहिजे."

गोण्या कुणी रचल्या हे गावाला माहीत नव्हतं. पण एका पायात चप्पल, दुसरा पाय मांडीपर्यंत चिखलानं माखलेला, असा सुकदेव भरावावर धावत चढताना सगळ्यांनी पाहिला. त्यानं वरची गोणी उपसली. पाणी पातळ चादरीसारखं सांडव्यावरून निघालं. मग दुसरी. मग आणखी एक. माणसं मदतीला आली. कमलअक्का खालून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "गोण्या काढाना हात कसा सवयना दिसस, भाऊ." सुकदेवनं ऐकलं नाही असं दाखवलं.

सांडव्याचं पाणी नाल्यात उतरलं आणि नाल्यातून वळून थेट सुकदेवच्या शेतात शिरलं. वांग्यांचा खालचा अख्खा पट्टा त्याच्या डोळ्यांदेखत आडवा झाला. फुलं लागलेली झाडं. रत्नानं वर बघून हाक मारली, "मेघाना बाप, वांगी चालनी!"

सुकदेवनं एकदा शेताकडे बघितलं, एकदा घराकडे. "जाऊ दे!" तो वरून ओरडला आणि पुढची गोणी ओढली.

अंधार पडायच्या आत पाणी पुरुषभर खाली आलं होतं. खाली नईमनं वाळूचा ढीग घातला, त्यावर खडीचे थर, त्यावर दगड. उसळणारं पाणी आधी वाळू ढकलून वर येत होतं, मग हळूहळू शांत झालं. शेवटी दगडांच्या फटीतून एक धार बाहेर पडली, आधी तांबूस, मग पिवळट. अफरीन तिच्याजवळ बसून राहिली. ती निवळ झाल्यावरच उठली, आणि मग तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही. रत्नानं तिला हाताला धरून घरात नेलं आणि कळण्याची भाकरी, ठेचा आणि पुरातून वाचलेल्या वांग्यांचं भरीत वाढलं. सुकदेवला बाहेरच हातपाय धुवायला लावलं, तेही आडाच्या पाण्यानं.

त्यानंतर सुकदेव बदलला, आणि गावाला वाटलं, पहिलाच बरा होता. तो रोज सकाळी काठी घेऊन भरावावर फेरी मारायचा. अक्काच्या शेळ्या वर चढल्या की तो शेळ्यांनाही बोलायचा आणि अक्कालाही. घुशीचं नवं बीळ दिसलं की गावभर सांगायचा. कुठे ओल दिसली की अफरीनला फोन.

"मॅडम, नवी गळती. उत्तरेच्या बाजूला."

"किती आहे काका?"

"तांब्याभर असेल."

"वाहतेय का?"

"नाही, वाहून झाली." जरा थांबून, "मॅडम, इथे एक म्हैस उभी आहे."

"मग काका, म्हैस गेल्यावर परत बघा."

बिळं बुजली, बाभळी तोडल्या. राहिला तो भरावाच्या माथ्यावरचा कडुलिंब. तो लोटननानानं लावला होता, आणि त्याला हात लावू द्यायला कमलअक्का तयार नव्हती. अफरीननं फोनवर समजावलं, सारिकानं समजावलं. अक्का ऐकेना. शेवटी सुकदेव तिच्या ओट्यावर जाऊन बसला. अर्ज करून, उपोषण करून झालेला माणूस, त्याला हट्ट म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्यामुळे त्यानं लिंबाचं नावच काढलं नाही.

"ते दुपारे तठेच बसेत," अक्का आपणहून म्हणाली. "त्या लिंबना खाले. मी भाकर लई जाऊ."

"मले माहीत शे, अक्का. मी खालतून दखू."

"मंग?"

"पन नाना झाड दखाले बसत नव्हता. पानी दखाले बसे."

अक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "उन्हाळामा दखू," ती म्हणाली.

वैशाखात, धरणाचं पाणी तळाशी गेल्यावर, लिंब उतरवला. मुळं उकरून काढली, खड्डा काळ्या चिकणमातीनं थराथरानं भरून धुमसानं ठोकून घट्ट केला. धुमस धरायला सुकदेव स्वतः होता. अक्का खुर्ची टाकून बसली होती, डोळ्यांना पदर लावत आणि धुमस नीट बसत नाही म्हणून त्याला टोकत. काम संपल्यावर तिनं पिशवीतून लिंबाचं एक रोप काढलं.

"हाई लावनं शे."

"लावा की," सुकदेव म्हणाला. "पन भरावपासून लांब. मॅडमनी सांगेल शे."

"लांब म्हंजे कितलं? तुम्हीच दखाडा, भाऊ. तुम्हले बठ्ठं कळस."

सुकदेव खूश झाला. तो कुदळ घेऊन भराव उतरला आणि पायथ्याशी उभा राहिला. "आठे?"

"मुळं येतीन ना भाऊ तठे."

तो मागे सरकला. "आठे?"

"आखो मांगे."

"आते?"

"आखो जरासं. वाढीसन मोठं व्हई ते."

तो मागे मागे जात राहिला, बांध ओलांडला, अळूतून गेला, आणि अक्कानं हात वर केला तेव्हा थांबून त्यानं जोरात कुदळ मारली. खड्डा चांगला ढोपरभर झाल्यावर त्यानं घाम पुसायला मान वर केली. समोर रत्ना कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मेघाना बाप," ती म्हणाली, "हाई आपला वांगासना वाफा शे."

सुकदेवनं भोवती बघितलं. वर, भरावावर, कमलअक्का रोप घेऊन सावकाश, एकेक पाऊल टाकत खाली उतरत होती. तिचे गुडघे दुखत असावेत, पण ती हसत होती.

"सावली पडी वांगासवर," सुकदेव पुटपुटला.

"पडू द्या," रत्ना म्हणाली, आणि पाण्याची बादली आणायला गेली.